प्रयोगशाळा ते पाळणा : मधल्या माणसाची पात्रता

आपण वैद्यक व्यावसायिक नोंदणीला सरावलेले आहोत. पदवी हाती आली तरी वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव चढल्याशिवाय आपल्याला रुग्णाची नाडी पाहण्याचा अधिकार मिळत नाही. परंतु ज्या लशी आपण रोज टोचतो, त्यांतील काहींचे तंत्र सरकारी प्रयोगशाळेतून कारखान्यापर्यंत आणणाऱ्या माणसाची पात्रता कोण तपासतो? पंचवीस वर्षांहून अधिक काळ इंदुरात बालकांचे लसीकरण करताना मला या प्रश्नाचे कुतूहल वाटत आले आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याविषयी थोडे लिहितो.

या माणसाला तंत्रज्ञान हस्तांतरण अधिकारी म्हणतात. शास्त्रज्ञाच्या शोधाचे मोल ओळखणे, पेटंट घ्यावे की नाही हे ठरवणे, योग्य उत्पादक शोधणे, परवान्याचा करार करणे आणि करारानंतर ती विद्या खरोखर उतरली की नाही हे पाहणे, ही त्याची कामे. म्हणजे अर्धा शास्त्रज्ञ, अर्धा वकील आणि थोडा व्यापारी.

या कामाचे मोल कळण्यासाठी आफ्रिकेतील मेंदुज्वराचे उदाहरण पुरेसे आहे. १९९६-९७ च्या साथीत मेनिंगोकॉकसच्या 'अ' प्रकाराने तेथे अडीच लाखांहून अधिक लोकांना ग्रासले आणि सुमारे २५,००० बळी घेतले. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि 'पाथ' ही संस्था यांनी संयुक्त प्रकल्प सुरू केला. तेथील आरोग्य अधिकाऱ्यांचे म्हणणे स्पष्ट होते : एका मात्रेची किंमत ५० अमेरिकन सेंटपेक्षा जास्त नको. या भावात काम करण्यास मोठे उत्पादक राजी नव्हते. तेव्हा वेगळी वाट शोधण्यात आली. जिवाणूची शर्करा प्रथिनाशी जोडण्याची एक सुटसुटीत पद्धत अमेरिकेच्या एफडीएतील सरकारी शास्त्रज्ञांनी विकसित केली होती. तिचा परवाना एनआयएचच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयामार्फत 'पाथ'ला मिळाला आणि तिथून ती पद्धत आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आली. सीरमच्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत जाऊन ती प्रत्यक्ष शिकून घेतली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो, माली व नायजर येथे ही लस मोठ्या प्रमाणावर देण्यास प्रारंभ झाला आणि जिथे मोहिमा झाल्या तिथे 'अ' प्रकार जवळजवळ नाहीसा झाला.

येथे शोध मोठा होताच. परंतु किंमत आधी ठरली आणि उत्पादक नंतर निवडला गेला, हा क्रम महत्त्वाचा. तो राखणे हे वाटाघाटीचे कसब आहे. ते कोणत्याही वैद्यकीय अभ्यासक्रमात शिकवले जात नाही.

मग हे कसब अंगी आहे याचा दाखला कोण देतो? अमेरिकेत १९८० च्या स्टीव्हन्सन-वायडलर कायद्याने सरकारी प्रयोगशाळांना हस्तांतरणाचे कार्यालय ठेवणे बंधनकारक केले. ज्या प्रयोगशाळेत २०० किंवा अधिक शास्त्रीय व तांत्रिक पदे आहेत, तिने या कामासाठी किमान एक पूर्णवेळ पद ठेवलेच पाहिजे. पद कायद्याने दिले, पण त्या पदासाठी परिषदेची नोंदणी मात्र सांगितली नाही. ही उणीव व्यावसायिकांच्या संघटनांनी स्वतःहून भरून काढली. परवाना-व्यवहारातील लोकांच्या अमेरिकन-कॅनेडियन संस्थेने २००८ साली 'सर्टिफाइड लायसन्सिंग प्रोफेशनल' ही परीक्षा सुरू केली. २०१० साली अमेरिका, युरोप, ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील संघटनांनी मिळून 'नोंदणीकृत तंत्रज्ञान हस्तांतरण व्यावसायिक', म्हणजेच आरटीटीपी, ही ओळख निर्माण केली. पहिलीत पदवी, अनुभव व लेखी परीक्षा लागते. दुसरीत मान्य प्रशिक्षणाचे गुण तर हवेतच, शिवाय आपण प्रत्यक्ष कोणते व्यवहार पार पाडले याचा पुरावाही समव्यवसायींसमोर ठेवावा लागतो. गुणांची ही पद्धत आपल्या सीएमईच्या क्रेडिटसारखीच. पुराव्याची अट मात्र आपल्याहून कडक वाटते. दोन्ही ऐच्छिक आहेत, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे.

आपल्या देशात सरकारी शोध उद्योगांकडे पोहोचवण्यासाठी राष्ट्रीय संशोधन विकास निगम १९५३ सालीच स्थापन झाले. पेटंट एजंटाची पात्रताही १९७० च्या पेटंट कायद्याने बांधून दिली आहे : विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रशास्त्राची पदवी आणि सरकारी परीक्षा. परंतु पेटंट लिहिणे व शोध पोहोचवणे ही दोन निराळी कामे. पेटंट म्हणजे पत्रिका. लग्न जुळवणे पुढेच असते!

हा विषय आपल्यापासून दूर नाही. आपल्या इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र हे केंद्र सरकारचेच. तेथे क्षयरोग व मुखकर्करोग यांच्या तपासणीसाठी प्रकाशावर चालणारी उपकरणे विकसित झाली आहेत. असे उपकरण खेड्यातील आरोग्य केंद्रात पोहोचायचे, तर उत्पादकाशी करार करणाऱ्याला रुग्णालयातील वास्तव ठाऊक हवे. वीज जाते, तंत्रज्ञ बदलतो, सुटा भाग मिळत नाही, या गोष्टी करारात कोण लिहील?

दाखल्याने शहाणपण येत नाही, हे आपण आपल्या व्यवसायात पाहतोच. सचोटी व जनहिताची जाण कोणत्याही परीक्षेत मोजता येत नाही. तरीही नोंदणीमुळे किमान पायरी ठरते, आचारसंहिता लागू होते आणि शिकत राहणे भाग पडते. सार्वजनिक पैशातून निघालेल्या शोधाचा भाव ठरवणाऱ्याकडून एवढी अपेक्षा अवाजवी नाही. सरकारने या पदांसाठी मान्य प्रशिक्षणाची अट घालावी, असे माझे मत आहे.

आणि आपल्या मुलामुलींपैकी ज्यांना वैद्यक येते पण दवाखान्यात मन रमत नाही, त्यांना हा मार्ग जरूर दाखवावा. त्या टेबलावर बालकांची बाजू ठाऊक असलेले कोणीतरी बसलेले असणे, ही आपल्याही व्यवसायाची गरज आहे.