बिनपाण्याने नको!

एखाद्याला चारचौघांत झाडले, की आपण म्हणतो, ‘त्याची बिनपाण्याने केली.’ पुढे हजामत हा शब्द उच्चारायचीही गरज पडत नाही. कोरड्या गालावरून वस्तरा फिरला तर माणसाचे काय होते, हे आपल्या भाषेला पूर्वीपासून ठाऊक आहे. गंमत अशी, की ही शिक्षा हल्ली अनेक पुरुष रोज सकाळी स्वतःच स्वतःला देतात. तोंडावर पाण्याचे दोन हबके, डब्यातला बोटभर तयार फेस, पाच पात्यांचा रेझर आणि दीड मिनिटात दाढी उरकली! मग दिवसभर मानेची आग. बाह्यरुग्ण विभागात रक्तदाब किंवा मधुमेहासाठी आलेल्या माणसाच्या कॉलरजवळ लाल पुळ्यांची रांग दिसते. विचारले तर उत्तर ठरलेले, ‘अंगात उष्णता आहे, डॉक्टर.’ उष्णतेचा त्यात काही दोष नसतो. बऱ्याच वेळा दाढी करण्याची पद्धत चुकलेली असते.

वाटी, साबण, ब्रश, एका ब्लेडचा रेझर आणि तुरटीचा खडा ही आपल्या वडिलांच्या पिढीची सामग्री. अलीकडे तरुण मंडळी ती पुन्हा हौसेने वापरू लागली आहेत. या हौसेमागे शास्त्र आहे, म्हणून आज थोडे दाढीविषयी.

केस, पाणी आणि पोलाद

दाढीचा केस डोक्याच्या केसापेक्षा जाड आणि राठ असतो. तो केराटिन या प्रथिनाचा बनलेला. कोरडा असताना या प्रथिनाचे धागे हायड्रोजन बंधांनी एकमेकांना घट्ट धरून असतात. पाणी आत शिरले की हे बंध सुटतात, केस फुगतो आणि मऊ पडतो. मऊ केस कापायला जोर बराच कमी लागतो. मात्र पाणी मुरायला दोन-तीन मिनिटे द्यावी लागतात. म्हणून दाढी आंघोळीनंतर करावी, किंवा आधी कोमट पाण्यात भिजवलेला पंचा चेहऱ्यावर दोन मिनिटे धरावा. पाणी कोमटच हवे. कढत पाण्याने कातडीवरचे तेल निघून जाते आणि ती कोरडी पडते.

पाणी गालावर टिकत नाही, ओघळून जाते. ते धरून ठेवायचे काम फेसाचे. शिवाय फेसामुळे ब्लेड घसरत जाते, कातडीला खरवडत नाही. ब्रशचे काम आणखी वेगळे. तो गोल गोल फिरताना चपटे बसलेले केस उभे करतो, त्यांच्या मुळाशी फेस पोचवतो आणि मृत पेशींचा थरही काढतो. दाढी वाढलेल्या गालावर ओल्या ब्रशने फेस घोळवण्यात जे सुख आहे ते करणाऱ्यालाच कळते. घाई असेल त्या दिवशीही दोन मिनिटे त्याला द्यावीत. पुढचे काम तितकेच सोपे होते.

ब्रश वापरून झाला की स्वच्छ धुवावा, झटकावा आणि उघड्या हवेत वाळवावा. ओला ब्रश डबीत कोंडू नये. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रशसाठी बिज्जूचे केस मिळेनासे झाले, तेव्हा त्याऐवजी घोड्याचे केस वापरले गेले. त्यांचे नीट निर्जंतुकीकरण न झाल्याने ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिकांना चेहऱ्यावर अँथ्रॅक्सचा संसर्ग झाल्याची नोंद वैद्यकाच्या इतिहासात आहे. आज ती भीती उरलेली नाही, पण ब्रश कोरडा ठेवण्याचा धडा अजून लागू आहे.

ब्लेड किती दिवस वापरावे, हा नेहमीचा प्रश्न. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण, तरी ब्लेड बोथट का होते? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी याचे उत्तर २०२० साली ‘सायन्स’ नियतकालिकात मांडले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दिसले, की धार नुसती झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात. पोलादाची अंतर्रचना सगळीकडे एकसारखी नसते. अशा कच्च्या जागी केस वाकून विशिष्ट कोनात भिडला, की तेवढा टवका निघतो. उघड्या डोळ्यांना हे दिसत नाही, गालाला मात्र जाणवते. ब्लेड ओढू लागले, की ते टाकायची वेळ झाली असे समजावे. साध्या रेझरचे ब्लेड तीन ते पाच दाढ्यांनंतर बदलणे परवडणारे असते. उगाच काटकसर करू नये.

हात हलका, घाई नको

पूर्वी वस्तरा आणि तो चालवणारा कसबी हात यांच्याशिवाय दाढी होत नसे. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकी माणसाने बदलता येणाऱ्या पातळ ब्लेडचा रेझर बाजारात आणला. १९०३ साली त्याचे अवघे ५१ रेझर खपले. पुढच्या वर्षी ती संख्या नव्वद हजारांवर गेली. तेव्हापासून दाढी घरच्या आरशासमोर आली. कसब मात्र घरी येताना थोडे वाटेत सांडले. ते परत मिळवायला चार गोष्टी पुरतात.

एक, आपल्या दाढीची दिशा ओळखा. दोन दिवसांच्या खुंटांवरून बोटे फिरवा. जिकडे गुळगुळीत लागते ती सुलटी दिशा. गालावर ती बहुधा वरून खाली असते. मानेवर ती आडवी, तिरपी, काहींना खालून वरही असते. मानेवरच जास्त पुळ्या येतात याचे हे एक कारण.

दोन, रेझर दाबू नका. त्याच्या वजनानेच दाढी झाली पाहिजे. ब्लेड कातडीशी साधारण तीस अंशांचा कोन करील असे धरा आणि छोटे छोटे हात मारा.

तीन, मोकळ्या हाताने कातडी हलकेच ताणा, पण फार नाही. फार ताणल्यास केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो.

चार, पहिला हात सुलटा. हवे असल्यास पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा. उलटा हात मारायचाच असेल तर तो ज्याला सोसतो त्याने मारावा. फेस नसलेल्या जागी मात्र रेझर पुन्हा फिरवायचा नाही.

शेवटी गार पाणी आणि तुरटी. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचे सल्फेट. ती कातडीवरच्या प्रथिनांना गोठवते आणि बारीक रक्तवाहिन्या आकसवते, त्यामुळे खरचटलेल्या जागचे रक्त थांबते. ती मिनिटभराने धुऊन टाकावी आणि वर साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेलाचा एखादा थेंब लावावा. चेहऱ्यावर मुरमे असतील तर तेल टाळावे. झोंबणारा, सुगंधी द्रव लावलाच पाहिजे असे काही नाही. झोंबणे हा औषधी गुण नव्हे.

एक गैरसमज इथेच संपवू. दाढी केल्याने केस दाट किंवा जाड होत नाहीत. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच प्रयोगाने हे दाखवले आहे. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते असते, कापलेल्याचे बोथट. म्हणून तो हाताला राठ लागतो, इतकेच. केस वाढवायचे काम आतले हार्मोन करतात. तेव्हा नुकती मिसरूड फुटलेल्या मुलाला ‘आत्ताच ब्लेड लावू नकोस’ म्हणून धाक दाखवण्यापेक्षा ते कसे धरायचे हे बापाने शिकवावे.

पुळी कसली, मलम कोणते?

दाढीच्या जागी येणारी प्रत्येक पुळी एकसारखी नसते. कुरळा केस फार खोल कापला गेला, की त्याचे अणकुचीदार टोक वळून पुन्हा कातडीत घुसते आणि शरीर त्याच्याशी परक्या वस्तूसारखे झगडते. अनेक पात्यांचे रेझर मुद्दाम असेच बनवलेले असतात, की एक पाते केस ओढते आणि मागचे त्याला आणखी खाली कापते. ज्यांना असा त्रास होतो त्यांनी तीन-चार आठवडे दाढी वाढू द्यावी, नंतर एका ब्लेडने फक्त सुलटा हात मारावा किंवा ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट ठेवावेत. पू असलेल्या, दुखऱ्या पुळ्या हा जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. कडेने वाढत जाणारा, खाजणारा चट्टा असेल तर नायटा.

इथे कळकळीची विनंती. औषधाच्या दुकानातून ‘खाजेची ट्यूब’ मागून आणू नका. अशा अनेक मिश्र मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. दोन दिवस आराम पडतो, नायटा मात्र आतल्या आत पसरतो, चेहऱ्याची कातडी पातळ होते आणि नंतर उपचार महिनोन्‌महिने चालतात.

सलूनमधल्या तीन वस्तू

सलूनमध्ये दाढी करून घेण्याचे सुख वेगळेच. खुर्ची मागे कललेली, डोळे मिटलेले आणि गप्पा चालू! ते सुख सोडा असे मी म्हणणार नाही. एड्सच्या भीतीनंतर सलूनमधला जुना वस्तरा मागे पडला आणि अर्धे ब्लेड आले, हे फार चांगले झाले. तरी एचआयव्हीपेक्षा इथे जास्त काळजी करावी ती हिपॅटायटिस बी या काविळीची. तिचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो आणि संसर्गाला डोळ्यांना न दिसणारे रक्तही पुरते. आजार वर्षानुवर्षे लक्षणांविना राहून पुढे यकृताचा सिरॉसिस किंवा कर्करोग होऊ शकतो.

म्हणून तीन वस्तूंकडे पाहा. ब्लेड तुमच्यासमोर नवे मोडले का? ब्लेड अडकवायची मूठ आधीच्या माणसानंतर जंतुनाशकाने पुसली का? आणि तिसरी, जिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही ती, तुरटी! एकच खडा दिवसभर कापलेल्या गालांवरून फिरत असतो. आपला खडा घरून न्यावा किंवा ‘तुरटी नको दादा, नुसते पाणी मारा’ असे सांगावे. बहुतेक नाभिक बांधव याचे वाईट वाटून घेत नाहीत. संसर्गाचा धोका त्यांच्याही बोटांना असतोच.

घरातही हाच नियम. बाप-लेक, भाऊ-भाऊ यांचा एक साबण चालेल, एक रेझर चालणार नाही. हिपॅटायटिस बीची लस आपल्या राष्ट्रीय लसीकरणात देशभर २०११ पासून आहे. म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बहुतेकांना ती लहानपणी मिळालेली नाही. तपासणी करून, सहा महिन्यांत तीन डोस घेऊन ती आताही पूर्ण करता येते.

आरसा काय सांगतो?

दाढी करताना माणूस स्वतःच्या चेहऱ्याकडे जितके निरखून पाहतो तितके एरवी पाहत नाही. डॉक्टर म्हणून या दहा मिनिटांचे मला मोठे मोल वाटते. जबड्याखाली किंवा मानेत गाठ लागते का? घोट गिळताना गळ्यासमोर काही वर-खाली होणारा फुगवटा दिसतो का? डोळे पिवळे वाटतात का? तंबाखू, मावा किंवा गुटखा खाणाऱ्याने फेस धुतल्यावर तोंड उघडून गालाची आतली बाजूही पाहावी. पांढरा किंवा लाल चट्टा असेल, उभी तीन बोटे तोंडात मावत नसतील, किंवा गाठ वा जखम तीन आठवड्यांत गेली नसेल, तर सरळ रुग्णालयात यावे. या गाठी बहुतेकदा दुखत नाहीत, आणि दुखत नाहीत म्हणूनच माणसे उशिरा येतात.

काही माणसांना, विशेषतः उतारवयात, मान वळवून गळ्यावर रेझर फिरवताना चक्कर येते. मानेतल्या रोहिणीवर रक्तदाबाची जाणीव ठेवणारी जागा असते. ती फार संवेदनशील झाली, तर हलक्या दाबानेही नाडी मंदावते आणि माणूस कोसळतो. असे एकदा जरी झाले तरी हृदयाची तपासणी करून घ्यावी आणि दाढी बसून करावी. गालाला ब्लेड लागताच विजेसारखी कळ जात असेल, तर तो चेहऱ्याच्या नसेचा आजार असू शकतो. त्यावर गुणकारी औषधे आहेत.

मेंदूच्या उजव्या भागाला पक्षाघात झालेले काही रुग्ण अर्धीच दाढी करतात. उजवा गाल गुळगुळीत, डावा तसाच. दृष्टी शाबूत असते, पण डावीकडचे जगच त्यांच्या लक्षातून गेलेले असते. घरच्यांना हा वेंधळेपणा वाटतो. असे अचानक दिसले तर रागावू नका, वेळ न दवडता रुग्णालय गाठा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी साधा ट्रिमर वापरणे बरे. कापलेच तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे न उचलता दाबून धरावे. तरीही रक्त थांबत नसेल तर डॉक्टरांना कळवावे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

आणि एक ठिकाण असे, जिथे ब्लेड अजिबात नको. शस्त्रक्रिया ठरली की अनेक रुग्ण उत्साहाने घरूनच पोटावरचे, मांडीवरचे केस ब्लेडने साफ करून येतात. ब्लेडच्या सूक्ष्म जखमांत जंतू घर करतात आणि टाके पिकण्याची शक्यता वाढते. केस काढूच नयेत, अगदी गरज असेल तर क्लिपरने छाटावेत, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ते काम रुग्णालयावर सोडा.

वापरलेले ब्लेड घंटागाडीत सुटे टाकू नका. झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या जुन्या डबीत ते साठवा आणि डबी भरली की चिकटपट्टीने बंद करून, वर ‘ब्लेड’ असे लिहून वेगळी द्या. कचरा हातांनी वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटांना आपली दाढी लागता कामा नये.