वर्दी आणि आकृतिबंध

पाचूबंदरला आग लागली तर पाणी हाकेच्या अंतरावर आहे. वसईच्या किल्ल्याजवळ, खाडी समुद्राला मिळते तिथे हा कोळीवाडा आहे. घरं एकमेकांना खेटून. अंगणात जाळी, ताडपत्र्या, बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांड्या. किनाऱ्याला लागलेल्या बोटींवर डिझेल आणि खलाशांच्या जेवणासाठी गॅसची टाकी. पेटलेलं नायलॉनचं जाळं वितळून ठिबकतं आणि जिथे ठिबकेल तिथे पुन्हा आग लावतं. ओहोटीला हाकेवरचं पाणी गाळापलीकडे निघून जातं. भरतीला ते उचलायचं तर हातानं वाहून नेता येईल असा पंप हवा, आणि काम झाल्यावर तो गोड्या पाण्यानं धुऊन ठेवणारा माणूस हवा. नाहीतर खारं पाणी पंप खाऊन टाकतं.

बंब वसई गावातून येवो की नालासोपाऱ्याहून, शेवटचा टप्पा कोळीवाड्याच्या गल्ल्यांचाच. बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी असतं. मिनिटाला साडेचारशे लिटरच्या वेगानं एकच होज चालवला तर दहा मिनिटांत टाकी रिकामी. गाडी आत जात नसेल तर होजला होज जोडत माणसांनी आत जायचं. एक नोझलवर, एक त्याच्या पाठीशी, दोघं होज पसरायला आणि वळणावर सावरायला, यंत्रचालक पंपावर आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारा एक लीडिंग फायरमन. म्हणजे सहा माणसं. याहून कमी माणसांनी गाडी निघते, पोहोचतेही, पण धुरानं भरलेल्या घरात शिरायची वेळ आली की कमी असलेला प्रत्येक माणूस जाणवतो.

सहा माणसांची गाडी चोवीस तास तयार ठेवायची तर आठ तासांच्या तीन पाळ्यांना अठरा माणसं लागतात. साप्ताहिक सुट्टीसाठी आणखी तीन, आजारपण, रजा आणि प्रशिक्षणासाठी दोन. एका बंबामागे तेवीस. केंद्रीय गृहखात्याच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेचा जुना निकष असा: तीन लाख लोकसंख्येपर्यंत दर पन्नास हजारांमागे एक पंप, म्हणजे एक बंब, त्यापुढे दर लाखाला एक. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२,२२,३९० भरली. निकष लावला तर पंधरा पंप आणि केवळ त्यांच्यावर ३४५ माणसं. शिडीगाडी, बचाव वाहन, नियंत्रण कक्ष, इमारती तपासणारे अधिकारी यात धरलेले नाहीत. आणि २०११ नंतर नालासोपारा-विरार केवढं वाढलं, हे लोकलच्या फलाटावर उभं राहिलं तरी कळतं.

ही माणसं नेमायची कुणी? पोलिसांचा पगार राज्य देतं, आणि आग विझवणंही तसंच असेल असं पुष्कळांना वाटतं. पण १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नागरी संस्थांच्या कामांमध्ये धरली आहे. राज्यांनी तिचा अर्थ आपापल्या परीनं लावला. शेजारच्या गोव्यात अग्निशमन व आपत्कालीन सेवा हे राज्याचं स्वतंत्र खातं आहे. पणजीतला जवान आणि काणकोणातला जवान एकाच खात्याचा नोकर. महाराष्ट्रात प्रत्येक महापालिकेचं दल वेगळं, एमआयडीसीचं वेगळं, सिडकोचं वेगळं. राज्याचं अग्निशमन संचालनालय आहे, पण ते मुख्यतः सल्ला, प्रशिक्षण आणि परवान्यांचं काम पाहतं. नगरपालिकेची हद्द संपली आणि ग्रामपंचायत सुरू झाली की वर्दी, म्हणजे मदतीसाठी आलेला निरोप, कुणाची हा प्रश्न येतो. पालघर जिल्ह्यात गावंच फार, त्यामुळे तो इथे सतत येतो.

या व्यवस्थेची मुळं मुंबईत आहेत. १७ फेब्रुवारी १८०३ च्या आगीत मुंबईच्या कोटातला मोठा भाग जळाला. त्यानंतरही कित्येक दशकं आग विझवणं हे पोलिसांचंच काम राहिलं. १८८७-८८ च्या सुमारास स्वतंत्र दल उभं राहिलं आणि मुंबई महापालिकेच्या कायद्यानं ते पालिकेकडे आलं. पैसेवाल्या शहरासाठी ती सोय उत्तम होती. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये कापूस आणि सुमारे १४०० टन दारूगोळा भरलेलं ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं, तेव्हा ते विझवायला गेलेले ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ९ मे २०१५ च्या काळबादेवीच्या आगीत मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार अधिकारी आपण गमावले. देशातलं सगळ्यांत जुनं आणि सुसज्ज मानलं जाणारं दल इतकी किंमत मोजतं. वसईसारख्या कालपर्यंत नगरपरिषद असलेल्या गावांनी तेच ओझं स्वतःच्या घरपट्टीवर कसं पेलायचं, याचा विचार कायदा करताना झाला असं मला वाटत नाही.

ब्रिटननं हा विचार बॉम्ब पडू लागल्यावर केला. तिथे सोळाशेहून अधिक स्थानिक दलं होती आणि एका गावचा होज दुसऱ्या गावच्या पंपाला बसेलच अशी खात्री नव्हती. ऑगस्ट १९४१ मध्ये सगळी मिळून एकच राष्ट्रीय अग्निशमन सेवा केली गेली. १९४८ मध्ये ती पुन्हा स्थानिक संस्थांकडे गेली, पण साधनसामग्रीतली आणि प्रशिक्षणातली एकवाक्यता टिकली. आपल्याकडेही केंद्रानं २०१९ मध्ये राज्यांना अग्निशमन सेवांसाठीचं नमुना विधेयक पाठवलं आहे. अग्निशमन हा राज्यांचा आणि पालिकांचा विषय असल्यामुळे केंद्र त्यापलीकडे सल्ला देतं आणि पैसे देतं.

पैसे खरोखर आले आहेत, हे मान्य करायला हवं. केंद्रीय गृहखात्यासाठी झालेल्या अभ्यासानुसार देशाला ८,५५९ अग्निशमन केंद्रं हवीत. प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही नव्हती. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून ५,००० कोटी रुपये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी बाजूला काढले गेले आणि २०२३ च्या जुलैत योजना सुरू झाली. बहुतेक राज्यांनी २५ टक्के वाटा घालायचा. नवी केंद्रं, आधुनिक उपकरणं, प्रशिक्षण केंद्रं, मुख्यालयांचं बळकटीकरण, संगणकीकरण, अशी तिची कलमं आहेत. त्यात पगार नाही. केंद्राचा निधी एकदा येतो, पगार दर महिन्याला द्यावा लागतो, म्हणून तो पालिकेवर सोडला आहे. परिणामी इमारतीचं उद्घाटन होतं, गाडीला हार घातला जातो, आणि त्या गाडीवरची तेवीस माणसं कुठून आणायची हा प्रश्न त्याच दिवशी पालिकेच्या आस्थापना विभागाच्या टेबलावर येऊन पडतो.

तिथे ३५ टक्क्यांची अट उभी असते. पालिकेचा आस्थापना खर्च, म्हणजे पगार आणि निवृत्तिवेतन, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असल्याशिवाय राज्य सरकार सहसा भरतीला परवानगी देत नाही. पदंही पालिकेनं मनानं निर्माण करायची नाहीत. किती केंद्रं, किती जवान, किती चालक याचा आकृतिबंध नगरविकास खात्याकडून मंजूर करून घ्यावा लागतो. अनाठायी भरती रोखायला ही अट आवश्यक आहे. पण ती लिपिकाला आणि फायरमनला एकाच मापानं मोजते, आणि मला हे मुळातच चुकीचं वाटतं. लिपिकाचं पद रिकामं राहिलं तर फाईल अडते, फायरमनचं राहिलं तर गाडी अपुऱ्या माणसांनिशी आगीवर जाते. ठेकेदारामार्फत माणूस घेतला की त्याचा खर्च आस्थापनेत धरला जात नाही, म्हणून पालिका त्या वाटेनं जातात. मग ज्याला धुरात शिरायचं आहे त्याची नोकरी कंत्राटाच्या मुदतीपुरती असते. दोन वर्षांत तयार झालेला हात ठेकेदार बदलला की जातो. श्वसनसंच लावून अंधारात जिना उतरण्याचा सराव निविदेनं विकत मिळत नाही.

माणसांची कमतरता आगीच्या जागी दिसते, पण त्याआधी ती तपासणीत झालेली असते, आणि याबद्दल फार कमी लिहिलं जातं. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा. त्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची किंवा वापरणाऱ्याची जबाबदारी, आणि परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, तसा दाखला, म्हणजे ‘बी फॉर्म’, द्यायचा. तो फॉर्म खरा आहे का, हे जिना चढून पाहायला अधिकारी हवा. दहा ठिकाणी वर्दी असताना तो अधिकारी तपासणीला जाऊ शकत नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालकं गेली आणि राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. साडेतीन महिन्यांनी, २३ एप्रिलच्या पहाटे, विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि त्या पहाटेच १३ करोनारुग्ण दगावले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात ११ रुग्ण गेले. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या माणसाला बंब पाच मिनिटांत आला तरी उशीरच झालेला असतो. त्याला वाचवू शकतं ते आधीच्या महिन्यात झालेलं निरीक्षण.

वसई-विरारमध्ये आगीशिवायच्या वर्द्याही जवानांवरच येतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, ऐन गणेश चतुर्थीच्या मध्यरात्री, विरारच्या विजयनगर भागातली रमाबाई अपार्टमेंट कोसळली आणि १७ जण गेले. इमारत अनधिकृत होती, गल्ली इतकी चिंचोळी की अवजड यंत्रं आत नेताना नाकी नऊ आले. पूर्वेला महामार्गालगत वालीव, सातिवली, पेल्हारकडे प्लास्टिकचे गाळे आणि भंगाराची गोदामं आहेत. तिथली एक मोठी आग सगळ्या गाड्या खेचून नेते. त्या वेळी पश्चिमेच्या टोकाला वर्दी आली तर? या शहराचा कारभार २०२० च्या जूनपासून वर्षानुवर्षं प्रशासकाकडे होता. सभागृहात उभं राहून अग्निशमनाची किती पदं रिक्त आहेत असं विचारणारा नगरसेवकच त्या काळात नव्हता.

पाचूबंदरसाठी स्वतंत्र केंद्र मागण्यापेक्षा दुसरी मागणी मला अधिक रास्त वाटते. ब्रिटनच्या खेड्यांत आजही ‘रिटेन्ड’ फायरमन असतात. ते आपापला धंदा करतात, वर्दी आली की केंद्रावर पोहोचतात, आणि त्यांना सरावाचे, तयार राहण्याचे व प्रत्यक्ष कामाचे पैसे मिळतात. सागर सुरक्षा दलाच्या निमित्तानं किनाऱ्यावरच्या कोळी तरुणांना सरकारनं गस्तीत घेतलंच आहे. बोटीचं इंजिन रात्री समुद्रात उघडून दुरुस्त करणाऱ्या तांडेलाला पंप समजावून सांगायला फार दिवस लागणार नाहीत. दोन पोर्टेबल पंप, पाचशे मीटर होज, चार श्वसनसंच, भरती-ओहोटी दोन्हीला पाणी उचलता येईल अशी धक्क्यावरची जागा, आणि पंधरा-वीस प्रशिक्षित माणसं. यातला पंप, होज आणि श्वसनसंच केंद्राच्या योजनेत बसवता येईल. माणसांना विमा आणि मानधन द्यायचं तर ते ‘स्वयंसेवक’ म्हणून द्यायचं, ठेक्यात दाखवायचं की आस्थापनेत, हे नगरविकास खात्याला आधी ठरवावं लागेल. घरपट्टीच्या बिलात अग्निशमन कर वसूल केला जातो. त्यातला किती पैसा आग विझवणाऱ्या माणसांवर खर्च झाला, हा आकडा दर वर्षीच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत छापावा, एवढं तर महापालिका कुणाची परवानगी न घेता येत्या मार्चमध्येच करू शकते.