कराटेची पंचसूत्री

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



हल्ली गटाच्या बैठकीत बचत आणि कर्जाचे हप्ते झाले की आणखी एक विषय निघतो. शाळेत किंवा तालुक्याच्या गावी मुलींसाठी कराटेचा वर्ग सुरू झालेला असतो. पोरीला पाठवावं का? कुणी म्हणतं, पोर मारकुटी होईल, उद्या सासरी कसं निभेल? कुणी म्हणतं, चार ठोसे मारायला शिकली की आपली काळजी मिटली. दोघींनीही कराटे म्हणजे मारामारी असंच धरलेलं असतं. म्हणून आज आपण ठोसे आणि लाथा बाजूला ठेवू. कराटेचे जे नियम आहेत, त्यांच्याबद्दल बोलू.

कराटे मूळचं ओकिनावा बेटांवरचं. तिथे पूर्वी र्‍यूक्यू नावाचं वेगळं राज्य होतं. 1879 साली जपानने ते आपल्यात सामील करून घेतलं. तिथल्या शुरी गावात 1868 साली गिचिन फुनाकोशी यांचा जन्म झाला. लहानपणी ते फार अशक्त होते. रात्री गुरूंच्या घरी जाऊन ते कराटे शिकत. गुरू एकच पाठ महिनोन्‌महिने करून घ्यायचे, तो जमल्याशिवाय पुढचा नाही. पुढे ते शाळेत मास्तर झाले. 1922 साली त्यांनी टोकियोत जाऊन लोकांना कराटे दाखवलं आणि तिथून ते जपानभर पसरलं. 1957 साली ते वारले. आज शोतोकान नावाची जी पद्धत अनेक ठिकाणी शिकवतात, ती त्यांच्या परंपरेतली.

'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ते' म्हणजे हात. हातात शस्त्र नाही, असा त्याचा सरळ अर्थ. फुनाकोशी आणखी एक अर्थ सांगत. हात रिकामा तसं मनही स्वार्थ आणि वाईट हेतू यांपासून रिकामं हवं.

आपल्या बचत गटाची पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि हिशोबाच्या वह्या. कराटेचीही अशीच पंचसूत्री आहे. शिकण्याच्या जागेला दोजो म्हणतात. पुष्कळ दोजोंमध्ये वर्ग संपताना मुलं ही सूत्रं मोठ्याने म्हणतात. आपल्या भाषेत त्यांचा भाव असा आहे :

स्वभाव चांगला घडवावा.
खरेपणाने वागावं.
कष्ट सोडू नयेत.
दुसऱ्याचा मान राखावा.
रागाच्या भरात हात उचलू नये.

यात एक गंमत आहे. जपानीत ही सूत्रं म्हणताना एक, दोन, तीन असे आकडे घेत नाहीत. प्रत्येक सूत्राआधी 'एक'च म्हणतात. म्हणजे कुठलंही सूत्र दुसरं नाही की पाचवं नाही, सगळी सारखीच मोलाची. आपल्या गटातही तसंच नाही का? बचत वेळेवर झाली पण वही लिहिली नाही, तर गट किती दिवस टिकेल? ठोसा जोरात मारता आला आणि राग आवरता आला नाही, तर ते कराटे नव्हे.

फुनाकोशींनी शिष्यांसाठी वीस तत्त्वंही लिहिली. त्यांतलं पहिलं मान देण्याबद्दल आहे. कराटेची सुरुवातही वाकून नमस्कार करण्याने आणि शेवटही त्यानेच. मुलगी सरांना वाकते, सरही तिला वाकतात. जोडीने सराव करणाऱ्या दोघी एकमेकींना वाकतात. हा नमस्कार दोन्हीकडून असतो, हे लक्षात घ्या. ज्या मुलीला वर्गात रोज कुणीतरी वाकून मान देतं, तिला आपला मान म्हणजे काय ते कळतं. दुसऱ्याचा मान कसा ठेवायचा तेही कळतं. सासरी निभेल का, या शंकेचं उत्तर इथेच आहे.

दुसरं तत्त्व सगळ्यांत प्रसिद्ध आहे. कराटेत पहिला हात आपला नसतो. हे फक्त सांगण्यापुरतं नाही. ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींना काता म्हणतात. शोतोकानमध्ये सुरुवातीला शिकवतात त्या हेइआन नावाच्या पाच काता आहेत. त्या पाचही कातांची पहिली हालचाल वार अडवण्याची आहे.

पण मैत्रिणींनो, पहिला हात आपला नाही याचा अर्थ मार खाऊन गप्प बसायचं असा नाही. कुणी वाट अडवली, हात धरला, तर पहिला हात त्याने टाकलेला आहे. मग हिसका देऊन सुटणं, ओरडणं, पळणं आणि वेळ आलीच तर मारणं, हे सगळं नियमात बसतं. आपला कायदाही हेच सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत स्वतःच्या बचावाचा हक्क दिलेला आहे. मात्र बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची मुभा नाही.

फुनाकोशींच्या आठवणींत त्यांच्या पत्नीबद्दल वाचायला मिळतं. मास्तरांच्या पगारात मोठं कुटुंब भागत नसे. म्हणून त्या जमिनीच्या तुकड्यात भाजी पिकवत आणि विणकामही करत. दिवसभराच्या कामाने थकल्या की पडून राहण्याऐवजी बाहेर येऊन कराटेचा सराव करत, मग पुन्हा कामाला लागत. शेजारी दारू पिऊन भांडू लागले की त्या मध्ये पडत आणि समजावून भांडण मिटवत. अंगात कला होती, पण ती वापरावी लागली नाही. बाईच्या अंगातलं बळ असंही दिसतं.

आता वर्ग निवडताना काय पाहावं? वर्गाच्या वेळी एकदा स्वतः जाऊन बसा. शिकवणारे मुलींना मान देऊन बोलतात का? अंगाला हात लावून दाखवायचं असेल तर आधी विचारतात का? नमस्कार दोन्हीकडून होतो का? मोठी मुलगी लहानीला सांभाळून घेते का? पट्टा लवकर मिळेल म्हणून जास्त पैसे मागत असतील तर सावध व्हा. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांमधून सहावी ते बारावीच्या मुलींना राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण मिळतं. ते तीन महिन्यांचं असतं. तुमच्या शाळेत ते होतं का, हे मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीत विचारा. पण तीन महिन्यांत फक्त ओळख होते. कराटे जन्मभर शिकायचं असतं, असं फुनाकोशींच्या वीस तत्त्वांतच आहे. पाणी तापत ठेवलं नाही तर गार होतं, तसा सराव सुटला की कला जाते.

शेवटी एक महत्त्वाचं. मुलगी कराटे शिकली म्हणून तिच्या सुरक्षिततेची सगळी जबाबदारी तिच्या एकटीवर टाकू नका. उद्या काही वाईट घडलं आणि भीतीने तिचा हात उठला नाही, तर "एवढं शिकलीस, मग मारलं का नाहीस?" असं कुणी विचारता कामा नये. दोष छेडणाऱ्याचा असतो. दुसऱ्याचा मान राखणं आणि हात आवरणं ही सूत्रं मुलांनाही लागू आहेत, म्हणून जमेल तिथे मुलग्यांनाही या वर्गाला पाठवा.

112 हा पोलिसांच्या मदतीचा, 181 महिलांसाठीचा आणि 1098 मुलांसाठीचा क्रमांक आहे. हे तिन्ही घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा. येत्या बैठकीत कराटेची पंचसूत्री आपल्या पंचसूत्रीच्या शेजारी लिहा, आणि गटातल्या मुलींना ती मोठ्याने वाचायला सांगा. प्रत्येक ओळीआधी 'एक' म्हणायला मात्र विसरू नका.