माशाच्या अंड्यातले राखीव बियाणे

श्रोतेहो, शहाणा शेतकरी खळ्यावरच बियाणे वेगळे काढतो. एकदा पोती घरात गेली की चांगली कणसे शोधत बसण्यात अर्थ नसतो. निसर्ग काही प्राण्यांत असाच वागतो. पण त्याची घाई आपल्याहून मोठी. पीक उभे राहण्याआधीच तो बियाणे बाजूला काढून मोकळा होतो!

झेब्रा मासा बोटाएवढाही नसतो. अंगावर निळे पट्टे. मूळचा आपल्याच देशातला. गंगेच्या माशांवर ग्रंथ लिहिणाऱ्या हॅमिल्टनसाहेबाने 1822 साली त्याचे वर्णन केले. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत पाळतात, कारण त्याचा गर्भ काचेसारखा पारदर्शक. आत काय चाललंय ते सूक्ष्मदर्शकातून सरळ दिसतं.

अंडे फळले की पाऊण तासात एका पेशीच्या दोन होतात. मग दर पंधरा मिनिटांनी दोनाच्या चार, चाराच्या आठ. साऱ्या दिसायला सारख्या. यांतल्या कोणत्या पेशींपासून पुढे अंडी किंवा शुक्रजंतू होणार, म्हणजे जननपेशी कोणत्या, हे कसं ओळखावं? कपाळावर थोडंच लिहिलेलं असतं? लिहिलेलं असतं, बरं का! वाचायची युक्ती हवी.

ती युक्ती 'वासा' नावाच्या जनुकाने दिली. जनुक म्हणजे पेशीजवळची लेखी सूचना. ती अमलात यायची तर आधी तिची नक्कल निघते. वासाच्या नकला आई अंड्यातच भरून देते. 1997 साली या नकला रंगवून पाहिल्या, तेव्हा चार पेशींच्या गर्भात त्या पेशींच्या सांध्यांपाशी चार ठिपक्यांत गोळा झालेल्या आढळल्या. शिक्षकबंधूंनी हे फळ्यावर काढून दाखवावं. पेशी बत्तीस झाल्या तरी ठिपकेवाल्या चारच! पेशी दुभंगली की ठिपका एकाच लेकीच्या वाट्याला जातो. चार तासांच्या सुमारास, हजारांवर पेशी झाल्या की तो पेशीभर पसरतो आणि मग दोन्ही लेकींना मिळू लागतो.

हे जनुक आधी फळमाशीत सापडले. ते बिघडले की वंश खुंटतो, म्हणून निर्वंश झालेल्या स्वीडनच्या वासा राजघराण्याचे नाव त्याला दिले.

पण या पेशी उपजतात एकीकडे आणि अंडाशय किंवा वृषण होणार दुसरीकडे. मग त्या चालत निघतात. वाटेवरच्या पेशी एक रसायन सोडतात, त्याच्या मागाने, साखरेकडे मुंग्या जाव्यात तशा. पहिला दिवस संपता संपता 25 ते 50 पेशी मुक्कामी पोचतात. 'डेड एंड' हे दुसरे जनुक बंद पाडले, तर त्या वाट चुकतात आणि मरतात. मासा पोहतो, खातो, धडधाकट दिसतो. पण निपुत्रिक राहतो.

आता खरी अडचण ऐका. माशाचे अंडे मोठे, बलकाने भरलेले. ते गोठवून वर्षानुवर्षे ठेवता येत नाही. दुर्मिळ मासा नाहीसा झाला की त्याचं बियाणंही गेलं. जपानात योशिझाकी यांच्या गटाने यावर वाट काढली. वासा जनुकाला हिरव्या प्रकाशाची जोड देऊन त्यांनी ट्राउट माशाच्या जननपेशी ओळखल्या, वेचल्या आणि सॅमनच्या पिलांत सोडल्या. 2007 साली त्यांनी वांझ सॅमन घेतले. त्या नर-मादीला झालेली सगळी पिले ट्राउटची निघाली. 2013 साली तर गोठवून ठेवलेल्या वृषणातल्या पेशींपासूनही त्यांनी जिवंत ट्राउट मिळवले.