आरमाराच्या ताटातील पांढरा भात

युद्धनौकेचे सामर्थ्य तिच्या तोफांवरून मोजण्याची आपल्याला सवय आहे. परंतु तोफ डागणारा खलाशीच पायांवर उभा राहू शकत नसेल, तर त्या तोफेचा उपयोग काय? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानच्या नव्या आरमारापुढे नेमका हाच प्रश्न होता. त्याचे उत्तर जहाजाच्या मुदपाकखान्यात सापडले, आणि ते आजही घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या ताटाला लागू पडते.

पाय सुन्न करणारा रोग

या रोगाचे नाव बेरीबेरी. जपानी भाषेत काक्के. आरंभी पाय जड होतात, मुंग्या येतात. पुढे सूज चढते, चार पावले चालताच धाप लागते आणि अखेरीस हृदय थकून माणूस दगावतो. १८८२ साली जपानी नौदलात दर शंभर माणसांमागे या रोगाचे सुमारे चाळीस रुग्ण होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘र्‍यूजो’ ही युद्धनौका न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका आणि हवाई असा दीर्घ प्रवास करण्यास निघाली. तिच्यावरील सुमारे पावणेचारशे माणसांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला. २५ जण परतलेच नाहीत.

खलाशी उपाशी होते असे नव्हे. त्यांना पोटभर सडलेला शुभ्र तांदूळ मिळत असे. खेड्यात जवासारखी भरड धान्ये मिसळून जेवणाऱ्या गरीब तरुणांना असा पांढरा भात म्हणजे मोठे वैभव वाटे. भाताबरोबरच्या तोंडीलावण्यासाठी मात्र रोख पैसे दिले जात, आणि पुष्कळ खलाशी ते न खाता वाचवून घरी पाठवीत. पोट भरत होते, पण शरीर आतून रिते होत होते.

एका वैद्याचा हट्ट

ताकाकी कानेहिरो हे नौदलातील वैद्य. १८७५ ते १८८० या काळात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले होते. ब्रिटिश आरमारात हा रोग जवळजवळ नाही, आपल्याकडेही अधिकाऱ्यांपेक्षा साध्या खलाशांना तो अधिक होतो, आणि जहाज परदेशी बंदरात असताना रुग्ण कमी होतात, हे त्यांच्या ध्यानात आले. हवा, पाणी, निवास यांपेक्षा फरक होता तो अन्नात.

१८८४ साली त्यांच्या आग्रहावरून ‘त्सुकुबा’ ही नौका ‘र्‍यूजो’च्याच मार्गाने धाडण्यात आली, बदलला तो केवळ आहार. भात कमी करून मांस, मासळी, भाज्या, पाव, कडधान्ये वाढवली. या प्रवासात पंधराच्या आसपास लोक आजारी पडले, परंतु एकही मृत्यू झाला नाही. आजारी पडलेल्यांपैकी बहुतेकांनी नवे अन्न नाकारले होते. पाव खलाशांना रुचेना, तेव्हा पुढल्याच वर्षी भातात जव मिसळण्यात आले. १८८५ साली नौदलातील रुग्णांचे प्रमाण शंभरांत एकाहूनही खाली आले.

तथापि सैन्यदलातील वरिष्ठ वैद्यांना हे पटले नाही. हा जंतूंचा रोग आहे, असे ते मानीत आणि पांढऱ्या तांदळाचा शिधा त्यांनी चालूच ठेवला. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात बेरीबेरीने सुमारे सत्तावीस हजार जपानी सैनिकांचा बळी घेतला. त्याच युद्धात नौदलात हा रोग जवळजवळ दिसला नाही, आणि १९०५ च्या मे महिन्यात त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जपानी आरमाराने रशियन ताफ्याचा पाडाव केला.

गंमत अशी की ताकाकींचे अनुमान अपुरे होते. प्रथिने कमी पडल्याने रोग होतो, असे त्यांना वाटले. खरी उणीव होती ती ‘ब-१’ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायामिनची. तांदूळ सडताना कोंड्याबरोबर ते निघून जाते. जावा बेटावर कोंबड्यांना सडलेला तांदूळ खाऊ घालून केलेल्या ख्रिस्तियान आयकमन यांच्या निरीक्षणांनी हा मार्ग उघडला. १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

आपल्या घरातील ताट

बेरीबेरी आता आपल्याकडे क्वचित आढळतो. परंतु तो ज्या वाटेने येतो, ती वाट बंद झालेली नाही. दात गेले, भूक मंदावली, एकट्यासाठी स्वयंपाक करण्याचा कंटाळा आला, की मऊ भात, पातळ वरण, चहा आणि बिस्किटे एवढ्यावर दिवस निघतात. ‘मला आता काय लागते?’ असे म्हणून मुलानातवंडांसाठी हात आखडता घेणारे आजी-आजोबा त्या खलाशांचेच भाऊबंद. शरीरात थायामिनचा साठा फार तर दोन-तीन आठवड्यांचा असतो. दीर्घकाळ उलट्या, मद्यपान, किंवा लघवी वाढवणारी औषधे यांमुळे तो लवकर सरतो.

उपाय खर्चिक नाहीत. हातसडीचा किंवा कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ निवडावा. उकडताना हे सत्त्व दाण्याच्या आत मुरते. तांदूळ फार वेळा धुऊ नये आणि वरचे पाणी ओतून देऊ नये. पेज करून प्यावी. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घालू नये, त्याने थायामिन नष्ट होते. चावणे कठीण असेल तर मुगाची सैल खिचडी, आमटीत कुस्करलेली ज्वारी-बाजरीची भाकरी, तीळ-शेंगदाण्याची बारीक चटणी यांची योजना करावी. मूत्रपिंडाचा विकार वा मधुमेह असल्यास आहारातील बदल वैद्यांना विचारूनच करावेत.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. पायांवरील सूज, मुंग्या, धाप ही लक्षणे हृदय, मूत्रपिंड किंवा मधुमेह यांचीही असू शकतात. त्यांवर घरगुती निदान करून गोळ्या घेत बसू नये. डॉक्टरांकडे जावे, आणि जाताना ज्येष्ठांनी मागील आठवडाभर प्रत्यक्षात काय खाल्ले, ते लिहून न्यावे. शुश्रूषा करणाऱ्याने ‘जेवलात का?’ एवढे विचारून थांबू नये, ‘काय जेवलात?’ हेही विचारावे. जपानच्या आरमारात सर्वांचे पोट भरलेले होते. ताटात काय आहे हे पाहणारा कोणी भेटेपर्यंत माणसे मरत राहिली.