ठेका शेवटच्या रांगेपर्यंत

हाउस संगीतात मिनिटाला साधारण १२८ ठोके पडतात, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये ४६९ मिलिसेकंद. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. त्यामुळे स्टेजपासून १६० मीटरवर नाचणाऱ्याच्या कानावर प्रत्येक ठोका जवळजवळ एक पूर्ण ठोका उशिरा पडतो. पुढची रांग आणि मागची रांग एकाच गाण्यावर नाचत असते, पण एकाच क्षणाला नाही. कांदोळीच्या किनाऱ्यावर २००७ मध्ये सुरू झालेल्या सनबर्नसारख्या खुल्या महोत्सवात डीजे पोचण्याआधी साउंडवाल्यांची जी तयारी चालते, तिच्यातला मोठा भाग या मिलिसेकंदांचा असतो.

मोकळ्या जागेत छोट्या स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. मागच्यांना ऐकू यावं म्हणून स्टेजवरचा आवाज वाढवत नेला, तर पुढच्यांच्या कानांचं नुकसान होतं. म्हणून मैदानाच्या मध्यावर स्पीकरचे आणखी मनोरे उभारतात. पण केबलमधून विजेचा संदेश मनोऱ्यापर्यंत जवळपास तत्क्षणी पोचतो आणि स्टेजवरचा आवाज हवेतून मागाहून येतो. तसंच सोडलं तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. मनोरा ८० मीटरवर असेल तर त्याचा संदेश २३२ मिलिसेकंद अडवून धरावा लागतो. बरेच तंत्रज्ञ त्यात आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद घालतात. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये दाखवलं, की एकच आवाज दोन ठिकाणांहून किंचित अंतराने आला तर जो आधी पोचतो त्याच्याच दिशेला आपला मेंदू आवाजाचा उगम मानतो. परिणामी मनोऱ्याजवळ उभ्या माणसालाही गाणं समोरच्या स्टेजवरूनच येतंय असं वाटतं. मला या सगळ्या तयारीतली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

दुपारी ३४ अंशांना लावलेलं हे गणित रात्री २४ अंशांना थोडं चुकतं, कारण थंड हवेत आवाज हळू जातो. ८० मीटरला चारेक मिलिसेकंदांचा फरक पडतो, म्हणून रात्री मोजणी पुन्हा करावी लागते.

खुद्द डीजेची अडचण वेगळी. मुख्य स्पीकर त्याच्यापासून दहा मीटरवर असले तर त्यांचा आवाज त्याला २९ मिलिसेकंद उशिरा येतो आणि हेडफोनमधला लगेच. दोन गाण्यांचे ठोके जुळवायचे कोणाच्या भरवशावर? म्हणून त्याच्या अगदी शेजारी स्वतंत्र मॉनिटर स्पीकर ठेवतात. तबकडी वापरणारा डीजे असेल तर बेसचा हादरा टेबलातून सुईपर्यंत जाऊन पुन्हा स्पीकरमधून घुमू लागतो. टर्नटेबलखाली हादरे शोषणारे पाय हवेतच.

आणि बेस. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास ७ मीटर असते. एवढी लांब लहर खोक्याला वळसा घालते आणि पुढे जाते तेवढीच मागेही पसरते. रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड झाली, की वर गेलेला आवाज वाकून खाली येतो आणि दूरच्या गावात जास्त ऐकू येतो. त्यावर उपाय आहे. काही सबवूफर उलट्या तोंडाने ठेवायचे, त्यांच्या संदेशाची धन-ऋण बाजू उलटवायची आणि तो मोजून उशिरा सोडायचा. मागच्या बाजूला दोन्हींच्या लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात, पुढच्या बाजूला मात्र साथ देतात. डीजे बूथ शांत होतो आणि स्टेजमागची वस्तीसुद्धा.

आपल्याकडे मिरवणुकीत मात्र ट्रॉलीवर स्पीकरची भिंत रचतात, तीही दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या अरुंद रस्त्यावर. तिथे भिंतींवर आपटून आवाज परत येतो, आणि पाळण्यातल्या बाळापासून हृदयरुग्णापर्यंत कुणाचीच सुटका नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. तीही उत्साहाने येणाऱ्या श्रोत्यांसाठी आहे, घरात झोपलेल्यांसाठी नाही. गणेश मंडळांनी डीजेला सुपारी देताना स्पीकर किती, हे विचारू नये. बेस कुठल्या दिशेला जाणार आणि डेसिबल कोण मोजणार, हे विचारावं.