स्वामींनी दाखवलेली ख्रिस्ती वाट

1950 च्या दशकात डग्लस मेन नावाचे एक तरुण कॅथलिक अधिकारी ब्रिटिश वसाहती सेवेत मलायात होते. कामानिमित्त ते क्वालालंपूरला स्वामी सत्यानंदांकडे गेले. स्वामी तिथे अनाथ मुलांचा सांभाळ करत. बोलता बोलता विषय प्रार्थनेवर आला आणि मेन यांनी ध्यान शिकवण्याची विनंती केली. स्वामींनी त्यांना धर्म बदलायला सांगितलं नाही. तुमच्याच श्रद्धेतला एक शब्द घ्या आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा तास मनात जपा, एवढंच सांगितलं.

मेन पुढे लंडनच्या ईलिंग मठात बेनेडिक्टाइन संन्यासी झाले, जॉन मेन झाले. तिथे मात्र हा जप ख्रिस्ती नव्हे म्हणून त्यांना तो सोडायला लावला गेला. त्यांनी आज्ञा पाळली. बऱ्याच वर्षांनी जॉन कॅसियन यांचं लेखन वाचताना त्यांना तोच जप पुन्हा भेटला. इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांची शिकवण कॅसियन यांनी पाचव्या शतकात लॅटिनमध्ये लिहून ठेवली होती. देवाकडे साहाय्य मागणारी स्तोत्रातली एकच ओळ चालता-बोलता, कामात, अगदी झोपेपर्यंत घोळवत राहावी, असं त्या शिकवणीत सांगितलं आहे. नामस्मरणावर वाढलेल्या मराठी मनाला हे नवीन वाटणार नाही.

मग चर्चला या जपाचा विसर का पडला? एक कारण म्हणजे संशय. 1687 मध्ये पोपनी मिगेल दे मोलिनोस या स्पॅनिश धर्मगुरूची निःशब्द प्रार्थनेविषयीची शिकवण निषिद्ध ठरवली. त्यानंतर निःशब्द प्रार्थनेकडेच साशंकतेने पाहिलं जाऊ लागलं. ती मठवासीयांपुरती ठीक, संसारी माणसाने शब्दांतच प्रार्थना करावी, असा समज रुजला.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वारं बदललं. 1975 मध्ये मेन यांनी ईलिंगला सामान्य लोकांसाठी ध्यानकेंद्र सुरू केलं. त्याच दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या स्पेन्सर मठातल्या थॉमस कीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौदाव्या शतकातल्या एका निनावी इंग्रजी ग्रंथाच्या आधारे अशीच पद्धत घडवली.

मेन यांची रीत अगदी साधी आहे. ताठ बसायचं, डोळे मिटायचे आणि ‘मारानाथा’ (प्रभू, ये) हा अरामी शब्द मनात सावकाश म्हणत राहायचं. विचार आले की त्यांच्याशी न झगडता पुन्हा शब्दाकडे यायचं. सकाळी वीस-तीस मिनिटं, संध्याकाळी तेवढीच.

आज मनःशांती मोबाइलवर वर्गणी भरून मिळते, म्हणून इथे एक भेद जपायला हवा. 1989 मध्ये व्हॅटिकनने ध्यानपद्धतींविषयी एक पत्र काढलं. शरीराला मिळणाऱ्या सुखद निवांतपणालाच पवित्र आत्म्याचं सांत्वन समजू नका, असा इशारा त्यात आहे. तो मला मोलाचा वाटतो. या प्रार्थनेत ताण हलका होईलही, पण त्यासाठी ती करायची नसते. स्वतःवरचं लक्ष काढून देवाला जागा द्यायची, एवढाच तिचा हेतू. म्हणून आज ध्यान ‘चांगलं लागलं’ की नाही, हा हिशेबही ठेवायचा नसतो.

मग ही प्रार्थना खरी आहे हे कळायचं कसं? आविलाच्या संत तेरेसांनी 1577 मध्ये लिहिलेल्या ग्रंथात याचं उत्तर आहे: दृष्टान्तांवरून नव्हे, कृतीवरून. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं तेच ते बोलणं आपण आज न चिडता ऐकलं का, दुखावणाऱ्याला उलट दुखवायचं टाळलं का, हे पाहावं. डोळे मिटून केलेल्या प्रार्थनेची कसोटी डोळे उघडल्यावरच लागते. आणि ती कसोटी मठातल्या संन्याशाला आणि लोकलने कामावर जाणाऱ्याला सारखीच आहे.